दर हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया? भारताच्या लोकसंख्येचे आकडे वाचताना होणाऱ्या गल्लती

आकडेमोड (धागाकर्ता)

"भारतात आता पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त आहेत" हे वाक्य नोव्हेंबर २०२१ पासून भाषणांत, स्पर्धा परीक्षेच्या नोट्समध्ये आणि व्हॉट्सॅपवर फिरतं आहे. आधार म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतला (एनएफएचएस-५, २०१९-२१) दर हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया हा आकडा देतात. आकडा खरा आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. तो का चुकतो हे कळलं की बाकीच्या निम्म्या गल्लती आपोआप टळतात, म्हणून हा धागा.

सर्वेक्षक घरी आला की कुटुंबातल्या प्रत्येकाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारतो. ही व्यक्ती सहसा इथे राहते का? आणि काल रात्री ती या घरात मुक्कामाला होती का? १०२० हा आकडा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांवरून निघतो. आता काल रात्री घरात कोण नव्हतं ते बघा. बांधकामाच्या साइटवरचा मजूर, ट्रकवरचा चालक, छावणीतला जवान, वसतिगृहातला विद्यार्थी, तुरुंगातला कैदी. यांत पुरुषांचं प्रमाण मोठं असतं, आणि छावणी, वसतिगृह, तुरुंग ही ठिकाणं 'कुटुंब' नसल्यामुळे सर्वेक्षण तिथे जातच नाही. म्हणजे हे पुरुष गावातल्या घरातूनही गळतात आणि जिथे आहेत तिथेही मोजले जात नाहीत. याच फेरीत शहरांचा आकडा ९८५ आणि ग्रामीण भागाचा १०३७ आहे. कामासाठी पुरुष बाहेर पडणाऱ्या गावांची छाया त्यात स्पष्ट दिसते.

आता ताळा करू. २००५-०६च्या तिसऱ्या फेरीत हाच आकडा १००० होता, चौथ्या फेरीत ९९१. त्याच सुमाराच्या जनगणना बघा: २००१ मध्ये ९३३, २०११ मध्ये ९४३. जनगणना बेघरांना आणि संस्थांमध्ये राहणाऱ्यांनाही मोजते. तेव्हा १०२० ची तुलना आधीच्या एनएफएचएसच्या आकड्यांशी करता येईल, ९४३ शी नाही.

मुली जन्माला येऊ दिल्या जातात की नाही हे पाहायचं तर जन्मावेळचं लिंग गुणोत्तर पाहावं लागतं. त्याच एनएफएचएस-५ मध्ये ते ९२९ आहे, आणि नमुना नोंदणी पद्धतीचा (एसआरएस) २०२१-२३चा आकडा ९१७ आहे. निसर्गतः दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली हव्यात. तिथवर आपण अजून पोहोचलेलो नाही. १०२० चा डंका पिटताना हेच झाकलं जातं, आणि म्हणूनच ही गल्लत मला क्षुल्लक वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच: कुठलाही दर दिसला की आधी त्याचा छेद विचारा. कशाला कशाने भागलं?

---

रानजाई

फार गरजेचा धागा. एक भर. ०-६ वयोगटाचं बाल लिंग गुणोत्तर हे तिसरंच प्रकरण आहे, आणि लोक ते जन्मावेळच्या गुणोत्तराच्या जागी सर्रास वापरतात. ०-६ म्हणजे सात वयं (० ते ६ पूर्ण वर्षं). त्यात सात वर्षांचे जन्म येतात, शिवाय त्या काळात दगावलेली बालकं वजा होतात. २०११चा ९१९ हा आकडा साधारण २००४ ते २०११ मधल्या जन्मांबद्दल सांगतो. १९९१ मध्ये तो ९४५ होता, २००१ मध्ये ९२७.

महाराष्ट्राचं दुःख याहून मोठं: २००१ मध्ये ९१३, २०११ मध्ये ८९४. गर्भलिंग चाचणीवर कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच होतं, १९८८ मध्ये. देशाचा कायदा १९९४चा. आणि तरी बीड जिल्हा ८९४ वरून ८०७ वर घसरला. नुसता कायदा असून भागत नाही. सोनोग्राफी केंद्रांची तपासणी होते का, 'फॉर्म एफ' (गरोदर स्त्रीच्या सोनोग्राफीचा नोंद-अर्ज) तपासले जातात का, यावर सगळं अवलंबून असतं.

---

शंकानिरसन

मला सरळ विचारायचं आहे. एकूण जननदर (टीएफआर) २.१ च्या, म्हणजे लोकसंख्या टिकवायला लागणाऱ्या पातळीच्या, खाली गेला असं सगळीकडे वाचतो. मग लोकसंख्या कमी व्हायला लागली का? नसेल तर का नाही? आणि टीएफआर म्हणजे "एका बाईला सरासरी किती मुलं झाली" हे बरोबर आहे का?

---

समास

@शंकानिरसन, शेवटचा प्रश्न आधी घेतो. "किती झाली" नाही. आजच्या वयनिहाय दरांनी एखादी स्त्री १५ ते ४९ ही सगळी वर्षं जगली तर तिला किती मुलं होतील, असं ते गणित आहे. एकही खरी स्त्री त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत नसते.

पायऱ्या अशा. १५-१९, २०-२४ असे ४५-४९ पर्यंत सात गट करा. प्रत्येक गटात वर्षभरात झालेले जन्म भागिले त्या गटातल्या सगळ्या स्त्रिया (विवाहित असोत वा नसोत), गुणिले १०००. सात दरांची बेरीज करा. प्रत्येक गट पाच वर्षांचा म्हणून ५ ने गुणा, १००० ने भागा.

समजण्यापुरते आकडे घेऊ: १२, ११०, १३०, ८५, ३५, १०, ३. बेरीज ३८५. गुणिले ५ म्हणजे १९२५. टीएफआर १.९.

चुका बहुतेक दोन ठिकाणी होतात. एक, पाचने गुणायचं राहून जातं आणि ०.३८५ असं विचित्र उत्तर येतं. दोन, छेदात फक्त विवाहित स्त्रिया घेतल्या जातात. तो वैवाहिक जननदर, तो नेहमीच बराच मोठा निघतो.

आता मुख्य प्रश्न. एसआरएसप्रमाणे २०२३ मध्ये देशाचा टीएफआर १.९, जन्मदर हजारी १८.४ आणि मृत्युदर ६.४. वजाबाकी केली की हजारी १२, म्हणजे वर्षाला १.२ टक्के नैसर्गिक वाढ. टीएफआर खाली आणि लोकसंख्या वर, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. कारण वयरचना. वीस-तीस वर्षांपूर्वी जननदर जास्त असताना जन्मलेल्या मुली आज मुलं होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला मुलं कमी, पण अशा स्त्रियांची संख्या प्रचंड. त्याच वेळी म्हातारी माणसं तुलनेने थोडी, म्हणून मृत्यू कमी. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४च्या अंदाजाप्रमाणे भारताची लोकसंख्या २०६०च्या दशकाच्या सुरुवातीला साधारण १७० कोटींवर पोहोचून मग उतरायला लागेल.

एक खाचही लक्षात असू द्या. लग्नाचं आणि पहिल्या मुलाचं वय पुढे सरकत असताना टीएफआर काही वर्षं गरजेपेक्षा जास्त खाली दिसतो, कारण ते जन्म रद्द झालेले नसतात, लांबलेले असतात.

---

आकडेमोड

समास यांनी नेमकं सांगितलं. फक्त २.१ बद्दल दुरुस्तीवजा पुरवणी. २.१ हा काही दगडावर कोरलेला आकडा नाही. एका स्त्रीमागे पुढच्या पिढीत एक स्त्री यावी, हा निकष. त्यासाठी लागणारा टीएफआर = १ भागिले (जन्मांतला मुलींचा वाटा × प्रजननवयापर्यंत जगणाऱ्या मुलींचं प्रमाण).

जगण्याचं प्रमाण ०.९६ धरू. गुणोत्तर नैसर्गिक, म्हणजे ९५२ असतं तर मुलींचा वाटा ९५२/१९५२ = ०.४८८ आणि उत्तर २.१४. आपलं ९१७ घातलं की वाटा ९१७/१९१७ = ०.४७८ आणि उत्तर २.१८. जिथे मुली कमी जन्मतात तिथे लोकसंख्या टिकवायला लागणारा जननदर वर सरकतो. बीडचं ८०७ घालून बघा (ते जन्मावेळचं गुणोत्तर नाही हे माहीत आहे, फक्त दिशा दाखवायला): वाटा ०.४४७, उत्तर २.३३.

---

तालुकादप्तर

देशाची एकच सरासरी सांगणं थांबवायला हवं असं माझं ठाम मत आहे. एनएफएचएस-५ मध्ये बिहार ३.०, मेघालय २.९, उत्तर प्रदेश २.४, झारखंड २.३. दुसऱ्या टोकाला सिक्कीम १.१, गोवा १.३, महाराष्ट्र १.७. गोव्यात शाळेचे वर्ग रिकामे होण्याचा प्रश्न आहे आणि बिहारमध्ये वर्ग पुरत नाहीत. दोघांना २.० ही सरासरी दाखवून काय उपयोग?

आता माझी तक्रार. एनएफएचएस-५ अर्भक मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आतले मृत्यू) ३५.२ सांगते. एसआरएस २०२० साठी २८ सांगते. एकाच काळासाठी सात अंकांचा फरक. यातला कोणता तरी आकडा दडपलेला आहे असं लोकांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

---

समास

वाटणं स्वाभाविक आहे, पण दोन्ही आकड्यांचा काळ एक नाही. एनएफएचएसचा ३५.२ हा मुलाखतीआधीच्या पाच वर्षांचा मिळून आहे. म्हणजे त्याचा मध्य साधारण २०१७-१८ मध्ये पडतो. एसआरएसचा आकडा एकाच कॅलेंडर वर्षाचा. दर वर्षी दर घसरत असताना जुन्या वर्षांची सरासरी वरच असणार. उरलेल्या फरकात नमुन्यातली चूक आणि आठवणीतली चूक येते. बाळ अकराव्या महिन्यात गेलं असेल तर आई पुष्कळदा "एक वर्षाचं होतं" असं सांगते, आणि तो मृत्यू अर्भक मृत्यूतून बाहेर पडतो (ही चूक आकडा खाली खेचते, वर नाही). म्हणून मृत्यूच्या वयांत १२ महिन्यांवर ढीग पडलेला दिसतो.

एसआरएसचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण ही पद्धत आपल्याकडे फार चांगली उभी राहिली आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९६४-६५ मध्ये प्रायोगिक सुरुवात, १९६९-७० पासून देशभर. सध्या सुमारे ८,८०० नमुना घटक (गावं, मोठ्या गावांचे भाग आणि शहरांतले प्रगणन गट), त्यांत ८० लाखांहून अधिक लोक. प्रत्येक घटकात एक अर्धवेळ प्रगणक असतो, बहुधा तिथलाच शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. जन्म-मृत्यू घडेल तसा तो वहीत उतरवतो. दर सहा महिन्यांनी वरून एक पर्यवेक्षक येतो आणि ती वही न बघता घरोघर फिरून मागच्या सहा महिन्यांतले जन्म-मृत्यू स्वतंत्रपणे लिहितो. मग दोन्ही याद्या ओळीला ओळ लावून जुळवतात. जी नोंद एकाच यादीत सापडते तिच्यासाठी पुन्हा त्या घरी जाऊन खातरजमा होते. दोन स्वतंत्र नोंदी आणि न जुळणाऱ्यांची पडताळणी, यातच या पद्धतीचं सगळं बळ आहे.

ती कुठे बिघडते? पर्यवेक्षकाने आधी वही बघितली की दुसरी नोंद स्वतंत्र राहत नाही, आणि दोघांकडून सुटलेली नोंद कधीच सापडत नाही. माहेरी झालेलं बाळंतपण हा दुसरा नेहमीचा घोळ. जन्म माहेरच्या घटकात धरायचा की सासरच्या? नियम सहसा जिथे राहते तिथला, पण प्रगणकाने विचारलं नाही तर एक जन्म दोनदा लिहिला जातो किंवा मुळीच नाही.

---

रानजाई

माता मृत्यूंबद्दलही हेच. दरवर्षीचा आकडा का देत नाहीत, असा प्रश्न येतो. हिशेब करून बघा. ८० लाख लोक, जन्मदर हजारी १९, म्हणजे नमुन्यात वर्षाला सुमारे दीड लाख जन्म. माता मृत्यू गुणोत्तर लाख जिवंत जन्मांमागे ९३ (२०१९-२१). म्हणजे संपूर्ण देशाच्या नमुन्यात वर्षाला साधारण १४० माता मृत्यू. हे राज्यांत वाटले तर एखाद्या राज्याच्या वाट्याला बोटांवर मोजण्याइतके येतात. एक-दोन इकडे-तिकडे झाले की आकडा उड्या मारतो. म्हणून तीन वर्षं एकत्र करतात.

महाराष्ट्राचा आकडा २०१८-२० मध्ये ३३ आणि २०१९-२१ मध्ये ३८. लगेच "राज्यात माता मृत्यू वाढले" अशी बातमी करायची घाई नको. दोन्ही खिडक्यांत २०१९ आणि २०२० सामायिक आहेत, बदललं फक्त एक वर्ष: २०१८ गेलं आणि २०२१ आलं. २०२१ म्हणजे कोविडची दुसरी लाट, त्यामुळे खरी वाढही शक्य आहे. पण ती किती, हे पाच अंकांवरून ठरवता येत नाही. आणि लहान आकड्याच्या मागे प्रत्येक ठिकाणी एक बाई गेलेली आहे. त्यासाठी प्रत्येक माता मृत्यूचं अन्वेषण हाच खरा मार्ग, सरासरी नव्हे.

---

शंकानिरसन

मोठ्या आकड्यांचं समजलं. जिल्ह्याचं काय? एनएफएचएस जिल्हावार पत्रकं देते. आमच्या जिल्ह्यात मुलींचं प्रमाण एकदम शंभरने वाढलं अशी जाहिरात लागली आहे.

---

आकडेमोड

जाहिरात करणाऱ्याने चुकीचा आकडा उचलला. एनएफएचएस-५ मध्ये ७०७ जिल्हे आणि ६,३६,६९९ कुटुंबं, म्हणजे जिल्ह्याला सरासरी ९०० कुटुंबं. मागच्या पाच वर्षांत त्या घरांत समजा ३०० बाळं जन्मली. ३०० जन्मांवरून गुणोत्तर काढताना चूक किती?

मुलींचा वाटा ०.४८ धरा. प्रमाणित चूक = वर्गमूळ (०.४८ × ०.५२ / ३००) = ०.०२९. ९५ टक्के खात्रीसाठी ती १.९६ ने गुणली की ०.०५७. म्हणजे खरा वाटा ०.४२३ ते ०.५३७ मध्ये कुठेही असू शकतो. गुणोत्तराच्या भाषेत साधारण ७३५ ते ११६०. नमुना गटागटाने निवडलेला असतो, त्यामुळे प्रत्यक्षात पल्ला आणखी थोडा रुंद. शंभरची वाढ या पल्ल्यात सहज बुडते.

जिल्ह्याच्या पत्रकातून लसीकरण, संस्थात्मक प्रसूती, स्वच्छ इंधन असे टक्के घ्या. तिथे छेद पुरेसा मोठा आहे. जन्मावेळचं लिंग गुणोत्तर मात्र राज्याच्या खाली उतरून घेऊ नये.

---

तालुकादप्तर

मग जिल्ह्यासाठी जन्मनोंदणीचे (सीआरएस) आकडे घ्या. तिथे नमुना नाही, सगळे जन्म आहेत.

---

रानजाई

घ्या, पण एका पथ्यासह. नोंद जन्म जिथे झाला तिथे होते, आई जिथे राहते तिथे नाही. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात दोन राज्यांतून बायका बाळंतपणाला येतात. तिथल्या नोंदी तिथल्याच लोकसंख्येने भागल्या तर जन्मदर अवास्तव फुगतो आणि आसपासच्या तालुक्यांत जन्मच होत नाहीत असं दिसतं. लिंग गुणोत्तरात छेद मुलग्यांच्या जन्मांचा असल्याने हा दोष कमी, पण तालुकावार पाहताना उरतोच. नोंदीत मातेचा राहण्याचा पत्ता असतो. त्यावरून पुन्हा गट पाडले तर काम होतं.

ज्यांना स्वतःपुरतं हवं आहे त्यांच्यासाठी: जन्म किंवा मृत्यू २१ दिवसांत कळवला तर शुल्क नाही. २१ ते ३० दिवस विलंब शुल्क. ३० दिवस ते एक वर्ष असेल तर सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. २०२३च्या दुरुस्तीनंतर हे काम न्यायदंडाधिकाऱ्यांऐवजी जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे आलं आहे. दवाखान्यातला जन्म कळवण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. घरी झाला तर कुटुंबप्रमुखाची.

---

कोकणकडा

उशिरा आलो. स्थलांतर आणि सीमा यांवर लिहितो, कारण जिल्ह्यांची तुलना करताना सर्वात जास्त फसगत तिथे होते.

रत्नागिरीचं २०११चं लिंग गुणोत्तर ११२२, सिंधुदुर्गाचं १०३६. कोकणात मुलींचा मान मोठा म्हणून, असं लिहिलेलं वाचलं आहे. खरं कारण मुंबईची वाट. दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली: रत्नागिरी ४.८ टक्के, सिंधुदुर्ग २.२ टक्के. जन्म कमी आणि कर्ते पुरुष बाहेर, दोन्ही मिळून. मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या त्या दशकात घटली, पण ती वेगळ्या कारणाने: गिरण्या गेल्या, घरांच्या किमती चढल्या आणि माणसं उपनगरांत, ठाण्यात सरकली. म्हणजे आकडा दोन्हीकडे उणे, आणि अर्थ पूर्ण वेगळा.

सीमांचं उदाहरण ठाणे. २०११ मध्ये ठाणे जिल्हा १ कोटी १० लाख ६० हजारांचा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला, सुमारे २९.९ लाख लोक तिकडे गेले. आजच्या ठाणे जिल्ह्यातली रुग्णालयं किंवा शाळा जुन्या १.१ कोटींनी भागली की सुविधा आहेत त्याहून कमी दिसतात. तालुकावार बेरीज करून आधी आजच्या हद्दीची २०११ची लोकसंख्या काढा (साधारण ८०.७ लाख), मग भागाकार.

तिसरी गोष्ट, 'शहरी' म्हणजे काय. नगरपरिषद असलेलं गाव शहरी, हे उघड. पण जनगणनेत ग्रामपंचायत असलेली गावंही शहरी धरली जातात, जर लोकसंख्या ५,००० किंवा अधिक, पुरुष मुख्य कामगारांपैकी ७५ टक्के बिगरशेती कामात, आणि घनता चौरस किलोमीटरला ४०० किंवा अधिक असेल. यांना जनगणना शहरं म्हणतात. २००१ मध्ये ती १,३६२ होती, २०११ मध्ये जवळजवळ ३,९००. म्हणजे शहरीकरणाच्या वाढीचा मोठा हिस्सा माणसं शहरात गेल्यामुळे नाही, तर गावांचं वर्गीकरण बदलल्यामुळे आहे. तिथे पाणी आणि गटारं मात्र अजून ग्रामपंचायतीच्या ताकदीवर चालतात. नियोजनात हे जितक्या गांभीर्याने घ्यायला हवं तितकं घेतलं जात नाही.

आणि ऊसतोड. जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत होते. २०११ मध्ये ९ ते २८ फेब्रुवारी, संदर्भ क्षण १ मार्चच्या मध्यरात्रीचा. जो माणूस मोजणीच्या पूर्ण काळात घरी नसतो तो जिथे असेल तिथे मोजला जातो. फेब्रुवारीत ऊसतोड टोळ्या बीड, धाराशिव, अहिल्यानगरच्या गावांत नसतात, कारखान्यांच्या फडात असतात, कर्नाटकातसुद्धा. जोडपी तिकडे, म्हातारी माणसं आणि काही मुलं गावात. त्या तालुक्यांची वयरचना आणि अवलंबितांचं प्रमाण वाचताना हा महिना डोळ्यांसमोर ठेवावाच लागतो. फडावरच्या कोप्या प्रगणकाच्या यादीत आल्या नाहीत, तर ही माणसं दोन्हीकडून सुटतात.

---

समास

कोकणकडा, ऊसतोडीचा मुद्दा फार मोलाचा. सुटलेल्यांबद्दल: जनगणनेनंतर एक पडताळणी सर्वेक्षण होतं. २०११ मध्ये निव्वळ गळती हजारी २३ निघाली, २००१ मध्येही २३. १२१ कोटींवर हजारी २३ म्हणजे पावणेतीन कोटींच्या आसपास. जाहीर आकड्यात ही भर घातली जात नाही.

वयाबद्दल एक तपासणी देतो. कुठलीही एकेरी वयांची सारणी (जनगणनेत सी-१३) हाती घेतली की आधी ही करा. २३ ते ६२ वयाच्या सगळ्यांची बेरीज काढा. त्यातली २५, ३०, ३५ अशी ६० पर्यंतची आठ वयं वेगळी बेरजेला घ्या. या आठांची बेरीज × ५, भागिले एकूण बेरीज, × १००. वयं बिनचूक असतील तर उत्तर १०० च्या जवळ येतं, सगळ्यांनीच ० किंवा ५ वर संपणारं वय सांगितलं तर ५००. १०५ च्या आत उत्तम, १२५ च्या वर गेलं तर आकडे ढोबळ, १७५ च्या वर फारच कच्चे. याला व्हिपल निर्देशांक म्हणतात. "असेल चाळिशीचा" असं उत्तर मिळालं की प्रगणक ४० लिहितो, आणि ३८, ३९, ४१, ४२ ही वयं ओस पडतात. मग ४०-४४ गट फुगतो, ३५-३९ आकसतो, आणि त्या गटांचे सगळे दर वाकडे होतात.

आणखी एक, साध्या दरांबद्दल. एसआरएस २०२० मध्ये केरळचा मृत्युदर हजारी ७.०, बिहारचा ५.४. केरळात माणसं जास्त मरतात असं कुणी म्हणेल का? अर्भक मृत्युदर बघा: केरळ ६, बिहार २७. केरळात वृद्ध जास्त, म्हणून साधा मृत्युदर वर. दोन राज्यांची तुलना करायची तर एक प्रमाण वयरचना धरून दोघांचे वयनिहाय दर तिच्यावर लावा, किंवा सरळ आयुर्मान घ्या.

---

तालुकादप्तर

आता मूळ दुखण्याकडे. २०२१ची जनगणना झाली नाही, त्यामुळे गेली कित्येक वर्षं आपण अंदाजांनी भागतोय. कोणत्या अंदाजांनी?

---

आकडेमोड

दोन प्रमुख अंदाज आहेत आणि ते जुळत नाहीत. केंद्राच्या तांत्रिक गटाचे प्रक्षेपण २०११ ते २०३६ चे. त्यानुसार १ जुलै २०२३ ला लोकसंख्या सुमारे १३९.२ कोटी. संयुक्त राष्ट्रांनुसार २०२३च्या मध्याला १४२.८६ कोटी, आणि त्याच जोरावर "भारताने चीनला मागे टाकलं" ही बातमी झाली. चीन १४२.५७ कोटी. म्हणजे आपल्या सरकारी अंदाजाने त्या दिवशी चीनच पुढे होता. फरक साडेतीन कोटींहून अधिक.

छेद बदलला की काय होतं ते बघा. २०२३ मध्ये देशात सुमारे २.५२ कोटी जन्म नोंदले गेले. १३९.२ ने भागले तर हजारी १८.१, १४२.८६ ने भागले तर १७.६. एसआरएसचा जन्मदर १८.४. पहिल्या छेदाने जवळजवळ सगळे जन्म नोंदले जातात असं दिसतं, दुसऱ्याने शंभरातले चार सुटतात असं. अंश तोच. (नोंदींत उशिरा नोंदलेले मागच्या वर्षांचे जन्मही असतात, ते आणखी वेगळं.)

परिणाम कागदावरचे नाहीत. अन्नसुरक्षा कायद्याखाली ग्रामीण ७५ टक्के आणि शहरी ५० टक्के लोकांना धान्य, पण राज्यांचा कोटा २०११च्या लोकसंख्येवर बांधलेला. महाराष्ट्राची मर्यादा सुमारे ७ कोटी. २०११ नंतर वाढलेली माणसं या छेदातच नाहीत. नवीन नाव घालायचं तर जुनं कमी व्हावं लागतं, आणि रांगेत उभं राहून परत जाणाऱ्याला हे कुणी समजावून सांगत नाही.

तांत्रिक गटाचा आणखी एक आकडा प्रत्येक जिल्हा परिषदेने भिंतीवर लावावा असा आहे: ६० वर्षांवरील लोक २०११ मध्ये ८.४ टक्के, २०३६ मध्ये १४.९ टक्के. संख्येत सुमारे १० कोटींवरून २२.७ कोटी. अंगणवाड्यांचं नियोजन आपण शिकलो, वृद्धांच्या देखभालीचं अजून सुरूही केलेलं नाही.

पुढची जनगणना २०२७ची. अधिसूचना १६ जून २०२५ ला निघाली, संदर्भ क्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र, बर्फाळ भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ मध्ये, राज्यागणिक ३० दिवसांचा. माहिती मोबाइलवर भरली जाणार, स्वतः माहिती भरण्याची सोय आणि जातीची नोंदही.

---

शंकानिरसन

२०११ ते २०२७ अशी वाढ आली की दशवार्षिक वाढीशी कशी ताडायची? १६ वर्षांची वाढ २००१-११ या दशकाच्या १७.७ टक्क्यांशी लावून बघणारे लेख येणारच.

---

समास

वार्षिक दर काढून. १७.७ भागिले १० म्हणजे १.७७ असं नाही. १.१७७ चं दहावं मूळ घ्या, वजा १. उत्तर १.६४ टक्के. २०२७ साठी दोन्ही लोकसंख्यांच्या भागाकाराचं सोळावं मूळ. एक्सेलमध्ये =(नवी/जुनी)^(१/१६)-१. दोन्ही मोजण्यांचा संदर्भ क्षण १ मार्चच आहे, म्हणून बरोबर १६ वर्षं. बर्फाळ भागांतही १ ऑक्टोबर २०१० ते १ ऑक्टोबर २०२६, म्हणजे १६ वर्षंच.

---

कोकणकडा

आणि गावाचा आकडा हवा असेल तर जिल्हा जनगणना पुस्तिका उघडा. महाराष्ट्राच्या प्रत्येक जिल्ह्याची आहे, गावनिहाय कुटुंबं, ०-६ वयाची मुलं, साक्षर, कामगार सगळं त्यात मिळतं. साक्षरतेचा छेद मात्र सात वर्षं व त्यावरील लोकांचा आहे. एकूण लोकसंख्येने भागून ग्रामपंचायतीच्या फलकावर टक्का लिहाल तर गाव विनाकारण दहा-बारा टक्क्यांनी मागे दिसेल.

---

शंकानिरसन

फलकावर तसंच लिहिलेलं आहे. ग्रामसेवकांना दाखवतो.